बटण कुणाच्या हातात?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त पुण्यात भरलेल्या शिक्षक-शिक्षिकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर. वक्त्या समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीधर असून वस्तीपातळीवर शाळकरी मुलामुलींबरोबर काम करतात.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'शाळेच्या वर्गात इलेक्ट्रॉनिक संगीत-साधनांची ओळख' असा विषय छापला आहे. मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी मला सरळच विचारलं, "अहो, सावित्रीबाईंच्या जयंतीला हा कसला विषय? आणि तुम्हां बायकांच्या संघटनेचं त्यात काय काम?" त्यांचा प्रश्न मला आवडला, कारण माझं आजचं सगळं बोलणं म्हणजे त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

मी संगीताची शिक्षिका नाही आणि इंजिनिअर तर नाहीच. वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. आमचा गट पुण्यातल्या दोन शाळांत सहावी ते आठवीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एक तास घेतो. सुरुवातीला आम्ही तिथं किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर बोलायला जात होतो. मुली खाली मान घालून ऐकायच्या आणि काही विचारलं की "हो बाई" म्हणायच्या. नुसत्या भाषणानं जे हलत नाही ते हाताला काम दिलं की हलतं, हा आपल्या शिबिरांचा जुना अनुभव. म्हणून आम्ही आवाजाची साधनं वर्गात नेली.

त्यातून जे दिसलं ते थोडक्यात आधीच सांगते. कोणतंही नवं यंत्र वर्गात येतं तेव्हा पहिला धडा त्या यंत्राचा नसतो. त्याला हात कुणी लावायचा, हा पहिला धडा असतो. आणि बाई तोंड उघडायच्या आत मुलं तो शिकून मोकळी झालेली असतात.

साधनं कोणती?

'इलेक्ट्रॉनिक संगीत' म्हटलं की लाखो रुपयांचा स्टुडिओ डोळ्यांपुढे येतो. आमची साधनं एका पिशवीत मावतात.

पहिलं म्हणजे आपण सगळे ज्याला 'कॅसिओ' म्हणतो तो की-बोर्ड. कंपनी कोणतीही असो, आपल्याकडे त्याचं नाव कॅसिओच.

दुसरं साधन पिएझो चकती. बझरमध्ये, वाजणाऱ्या खेळण्यात पितळेची एक पातळ चकती असते, तिच्या मध्यावर पांढरा थर असतो, ती ही. ती दाबली किंवा थरथरली की तिच्यात किंचित वीज निर्माण होते. काही स्फटिकांचा हा गुण १८८० साली पिएर क्युरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी दाखवून दिला. पुढे मेरी क्युरींनी किरणोत्साराची मोजणी केली तीही याच तत्त्वावरच्या उपकरणाच्या मदतीनं. चकतीला दोन तारा जोडायच्या, टोकाला हेडफोनची पिन लावायची आणि बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरला ती जोडायची. झाला मायक्रोफोन. हवेतला आवाज याला फारसा कळत नाही. ज्या वस्तूला चिकटवाल तिची थरथर तेवढी ऐकू येते. कंपासपेटीला लावून आत टाचणी टाकली तर गज पडल्यासारखा आवाज येतो आणि सगळा वर्ग दचकतो.

तिसरं साधन, ५५५ नावाच्या आयसीची डबी. १९७२ साली बाजारात आलेली ही आठ पायांची चिप आजही अगदी थोड्या पैशांत मिळते. नऊ व्होल्टची बॅटरी, एक कपॅसिटर, दोन-तीन रेझिस्टर आणि एक छोटा स्पीकर एवढं तिला लागतं. कपॅसिटर विजेनं भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. हे सेकंदाला काहीशे वेळा झालं की स्पीकरचा पडदा तितक्याच वेळा पुढेमागे होतो आणि आपल्याला स्वर ऐकू येतो. सेकंदाला ४४० वेळा झालं तर तो स्वर आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी सहा. मध्ये फिरवायचं बटण बसवलं की स्वर चढवता-उतरवता येतो. जगातले मोठमोठे सिंथेसायझर ज्या मूळ कल्पनेवर उभे आहेत ती हीच: विजेची लय हातानं बदलायची आणि कानानं तपासायची.

चौथं साधन म्हणजे रेकॉर्डर. त्याच्याबद्दल पुढे बोलते, कारण तिथं प्रश्न सर्वांत नाजूक होतो.

हे सामान बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतं. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तोही याच बुधवार पेठेतला, थोडं चाललं की आलाच. मी सामान घ्यायला जाते तेव्हा काउंटरपलीकडचा माणूस बऱ्याचदा विचारतो, "सरांनी काय लिहून दिलंय?" तो माणूस वाईट नाही, आपलेपणानंच विचारतो. पण १८४८ पासून आजपर्यंतच्या प्रवासात आपण कुठवर आलो आणि कुठं अडलो, ते त्या एका वाक्यात कळतं. मुलगी अक्षरापर्यंत पोचली. तारेपर्यंत पोचायची आहे.

पहिली दहा मिनिटं

आम्ही एक साधी गोष्ट करून पाहिली. डबी टेबलावर ठेवायची, कुणी काय करायचं ते सांगायचं नाही, आणि मागे उभं राहून बघायचं.

दोन्ही शाळांत, जवळपास प्रत्येक वर्गात एकच चित्र दिसलं. मुलगे टेबलाभोवती गोळा होतात. मुली त्यांच्या मागे दुसरं कडं करतात. पुढच्या रांगेतल्या मुलाला तार हवी असली तर मागची मुलगी ती शोधून देते. डबी हलू नये म्हणून धरून ठेवायला मुलगी, बटण फिरवायला मुलगा. आणि 'काय झालं ते वहीत लिहा' असं सांगितलं की सगळ्यांचं एकमत: लिहायचं मुलींनी, कारण त्यांचं अक्षर चांगलं! मुलींना कुणीही 'हात लावू नका' म्हटलेलं नव्हतं. मुलग्यांनाही कुणी 'पुढे व्हा' म्हटलेलं नव्हतं. घरातली श्रमविभागणी दप्तरातून शाळेत आली होती, इतकंच.

आणि शाळा ती विभागणी दुरुस्त करते का? एका शाळेत, नाव सांगत नाही, स्नेहसंमेलनाच्या तयारीत आमचा की-बोर्ड मागून घेतला गेला. कार्यक्रम ठरला तो असा: चार मुलगे की-बोर्ड आणि साउंड सांभाळणार, बारा मुली नऊवारी नेसून नाचणार. सातवीतली एक मुलगी वर्षभर कॅसिओवर मन लावून बोटं फिरवत होती, तिला आम्ही विचारलं, तू का नाही वाजवत? ती म्हणाली, "बाई, मला नाचात घेतलंय ना!" तिला वाईटही वाटलेलं नव्हतं. मला सगळ्यांत जास्त लागलं ते हे.

वाद्यांची वाटणी

ही वाटणी आजची नाही. तमाशाच्या फडात ढोलकी, हलगी, तुणतुणं पुरुषांच्या हातात आणि नाचणं बाईच्या वाट्याला. ऑर्केस्ट्रात गाणारी बाई समोर, वाजवणारे पुरुष मागे. माजघरातल्या बाईला टाळ्या, फुगड्या, झिम्मा. म्हणजे वाद्य नाहीच, आपलं अंग हेच वाद्य. बाईच्या पुढे जातीची भिंतही आहेच. गावात हलगी कुणी वाजवायची हे जातीनं ठरत होतं. चामडं कमावणाऱ्याला आणि वाद्य मढवणाऱ्याला वाड्याच्या दिवाणखान्यात जागा नव्हती, वाद्याला मात्र होती.

ही चौकट मोडणाऱ्या बाया झाल्या. मुंबईच्या आबान मिस्त्रींनी तबल्याला आयुष्य दिलं. पण प्रत्येकीला घराणं, गुरू, घरची परवानगी असे किती उंबरठे ओलांडावे लागले असतील! इलेक्ट्रॉनिक डबीचं एक बरं आहे. तिला घराणं नाही. 'आमच्यात बायका हे वाजवत नाहीत' असं म्हणायला तिच्यामागे शंभर पिढ्या नाहीत. हिशेब नव्यानं मांडायची ही संधी आहे. आपण मांडला नाही तर जुनीच वाटणी नव्या वाद्यावरही बसते, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात, हे मी आत्ताच सांगितलं.

ज्यांची नावं मागे राहिली

तुम्ही म्हणाल, बायकांना या यंत्रांची आवडच नसते. इतिहास काय सांगतो ते पाहू.

इंग्लंडमध्ये बीबीसी रेडिओनं १९५८ साली इलेक्ट्रॉनिक आवाजांसाठी 'रेडिओफॉनिक वर्कशॉप' नावाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. तो उभा करणाऱ्यांत डाफ्नी ओरॅम या बाई होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या तांत्रिक कामासाठी बीबीसीत दाखल झाल्या आणि ध्वनीचं काम करता करता नव्या आवाजांच्या मागे लागल्या. वर्षभरातच, १९५९ साली, त्यांनी नोकरी सोडली आणि केंट परगण्यात स्वतःची कार्यशाळा थाटली. तिथं त्यांनी एक यंत्र रचलं. सिनेमाच्या फिल्मपट्टीवर हातानं रेषा काढायच्या आणि यंत्रानं त्या वाचून त्यांचा आवाज करायचा. म्हणजे चित्र काढून संगीत! आणि आपल्या आजच्या विषयाशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी की १९६२ साली याच बाईंनी मुलांसाठी 'इलेक्ट्रॉनिक साउंड पॅटर्न्स' नावाची छोटी रेकॉर्ड केली. ती लावायची, कान देऊन ऐकायची आणि त्या अनोळखी आवाजांवर मुलांनी अंगानं हालचाल करायची. साठ वर्षांपूर्वी शाळकरी मुलांना इलेक्ट्रॉनिक आवाजाची ओळख करून देणाऱ्यांत एक बाई पुढे होती.

दुसऱ्या डेलिया डर्बीशर. कॉव्हेंट्री गावच्या, जन्म १९३७. लहानपणी त्यांच्या गावावर जर्मन विमानांनी बाँब टाकले. धोक्याच्या आणि धोका टळल्याच्या भोंग्यांचे आवाज हेच आपलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत, असं त्या पुढे सांगत. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकून त्या नोकरी मागायला गेल्या, तेव्हा एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना सांगितलं की स्टुडिओत आम्ही बायका घेत नाही. पुढे त्या बीबीसीच्या त्याच विभागात आल्या. १९६३ साली 'डॉक्टर हू' ही मालिका सुरू झाली. तिचं शीर्षकसंगीत कागदावर लिहिलं रॉन ग्रेनर यांनी. पण तो एकेक स्वर वेगळा रेकॉर्ड करून, टेपचे तुकडे कापून, जोडून प्रत्यक्षात आणला डेलियाबाईंनी. ऐकल्यावर ग्रेनर स्वतःच चकित झाले आणि श्रेयात त्यांचं नाव असावं असं त्यांना वाटलं. संस्थेच्या नियमात ते बसत नव्हतं. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं २०१३ साली, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी. तोवर डेलियाबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती.

याच बाईंनी एका साध्या धातूच्या हिरव्या दिव्याच्या टोपीवर ठोके मारून, ते टेपवर घेऊन, त्यातून संगीत घडवलं होतं. आमच्या वर्गातल्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या लगेच म्हणतात, "बाई, मग आमचा डबापण चालेल!" चालतो. उत्तम चालतो.

आणि हे सगळं विलायतेतच घडत होतं असं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकारानं मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. तिथं काम केलेल्या मोजक्या भारतीयांत गीता साराभाई होत्या. पखवाज वाजवणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. १९४६ साली अमेरिकेत जॉन केज या संगीतकाराला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं होतं. या स्टुडिओत १९७२ पर्यंत झालेल्या कामाच्या टेप्स पुढे अनेक वर्षं संग्रहात पडून राहिल्या. त्यातल्या निवडक रचना लोकांपुढे आल्या त्या २०२३ साली.

मैत्रिणींनो, या तीन हकिकतींत मला एक धागा दिसतो. यंत्र नवं असतं, त्याला मानमरातब मिळालेला नसतो, तेव्हा दार किलकिलं असतं आणि बाया आत येतात. नाव लिहायची वेळ येते तेव्हा त्या मागच्या रांगेत गेलेल्या असतात. म्हणून वर्गात आमचा एक नियम आहे. आवाज बनवला की वहीत बनवणाऱ्याचं नाव पहिलं. तार धरली तिचंही नाव.

साखळीचा तास

आता एका तासाबद्दल सविस्तर सांगते. हा तास कुठल्याही शाळेत घेता येईल.

५५५च्या डबीतून दोन उघड्या तारा बाहेर काढायच्या. सर्किट असं जोडायचं की या दोन तारांच्या मध्ये जे येईल त्याच्या विद्युतरोधावर स्वर ठरेल. एका मुलीनं एक तार एका हातात आणि दुसरी दुसऱ्या हातात धरली की तिच्या शरीरातून अत्यंत सूक्ष्म वीज जाते आणि डबी वाजते. हात कोरडे असले तर स्वर खाली, ओले असले तर वर. मग दोघांनी एकेक तार धरायची आणि मोकळे हात एकमेकांना द्यायचे. मग चौघांनी, आठजणांनी. साखळी लांबली की स्वर उतरतो. कुणी एकानं हात सोडला की आवाज बंद. हे फक्त नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच करायचं. भिंतीतल्या विजेशी, मोबाईलच्या चार्जरशीसुद्धा, याचा कधीही संबंध येता कामा नये. हे मुलांनाही दर वेळी बजावून सांगायचं.

विज्ञान म्हणून हे मजेचं आहे. पण हात धरायचा म्हटल्यावर सातवीच्या वर्गात काय होतं ते तुम्हांला सांगायला नको. मुलगे आणि मुली एकमेकांचा हात धरेनात. एका मुलानं शक्कल काढली: मध्ये रुमाल धरायचा. डबी गप्प. कोरड्या कापडातून वीज जात नाही. मग एकीनं स्टीलची पट्टी काढली, एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. डबी वाजली! सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि अर्थातच साखळी तुटून आवाज बंद पडला. वाहक आणि अवाहक पदार्थांचा धडा इतका पक्का झालेला मी दुसरा पाहिला नाही. पट्टी आम्ही चालवून घेतली. लाजेला वेळ द्यावा लागतो.

पण दुसऱ्या एका वर्गात जे झालं ती लाज नव्हती. तिथं एक मुलगी सकाळी आईबरोबर कचरा वेचायला जाऊन मग शाळेत येत असे. साखळीत तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी तिचा हात न धरता बाहीचं टोक धरलं. डबी गप्प. "नीट धरा," आम्ही म्हटलं. डबी गप्पच. कुठं तुटलंय हे साऱ्या वर्गाला दिसत होतं, तिलाही. ती काही बोलली नाही, हात पुढे करून उभी राहिली. तेव्हा वर्गशिक्षिका उठल्या, शेजारच्या मुलीच्या जागी स्वतः उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. दुसऱ्या बाजूच्या मुलीनं बाईंकडे पाहिलं आणि बाही सोडून बोटं धरली. आवाज आला.

पुढच्या आठवड्यात दोन मुली आपणहून तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. बाकीच्या नाही. एका तासानं जात जात नाही. पण एरवी ज्या गोष्टीबद्दल वर्गात कुणी चकार शब्द काढत नाही, ती गोष्ट त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आली. नैतिक शिक्षणाच्या तासाला हे होत नाही, कारण तिथं सगळे 'आम्ही भेदभाव करत नाही' असं एका सुरात म्हणतात. डबीला खोटं बोलता येत नाही.

आवाज कुणाचा?

आता रेकॉर्डर. आम्ही मुलांना घरचे आवाज आणायला सांगतो. जोड्या करून रेकॉर्डर घरी द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकायचं. नेहमीचेच आवाज कापून, जोडून, उलटे लावून त्यांचं संगीत करण्याची कल्पना पॅरिसच्या पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाडीच्या आवाजांवर करून दाखवली होती. आपल्याकडे स्नेहा खानवलकर या संगीतकार बाईंनी २०१२ साली 'साउंड ट्रिपिन' या टीव्ही कार्यक्रमासाठी गावोगाव फिरून आवाज गोळा केले आणि त्यांची गाणी बांधली.

पहिल्या फेरीत मुलग्यांनी काय आणलं? मोटारसायकल, मिरवणुकीतला डीजे, देवळाची घंटा, क्रिकेटचा आरडाओरडा. मुलींनी काय आणलं? कुकरची शिट्टी, कपड्यांवर पडणारं धोपाटणं, पोळपाटावरचं लाटणं आणि पहाटे नळाला पाणी येतं तेव्हाची हंड्या-कळशांची आदळआपट. एकाच वस्तीतली, एकाच गल्लीतली मुलं ही. फळ्यावर दोन याद्या लिहिल्या आणि आम्ही काहीच बोललो नाही. एक मुलगा म्हणाला, "पोरींचे सगळे आवाज घरातले हायेत." एक मुलगी म्हणाली, "कामाचे हायेत."

दुसऱ्या फेरीत याद्यांची अदलाबदल केली. मुलींनी बाहेरचे आवाज आणायचे. मुलग्यांनी घरकामाचा आवाज आणायचा, पण अट अशी की काम स्वतः करून. आईचं काम रेकॉर्ड केलेलं चालणार नाही. दुसऱ्या दिवशी एका वडिलांचा फोन आला, "पोराला भांडी घासायला शाळेत घातलंय का?" आम्ही त्यांना ऐकायलाच बोलावलं. ते आले, मागच्या बाकावर बसले. मुलाची भांडी, दुसऱ्याची चपाती, तिसऱ्याचं झाडू असं सगळं जोडून केलेला दोन मिनिटांचा तुकडा त्यांनी ऐकला. हसले, आणि काही न बोलता गेले. मतपरिवर्तन झालं असा माझा दावा नाही. पण मुलाला पुढच्या तासाला येऊ दिलं.

मुलींच्या बाजूनं मात्र फेरी अडली. बाहेरचा आवाज आणायचा तर बाहेर जावं लागतं. संध्याकाळी सातनंतरचा एकही आवाज मुलींकडून आला नाही. वस्तीतल्या मुलींच्या फिरण्यावर किती बंधनं आहेत हे समजण्यासाठी वेगळी पाहणी करायची गरज उरली नाही.

मुलींचा स्वतःचा आवाज हा त्याहून अवघड प्रश्न. "बाई, हे मोबाईलवर जाणार का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तो वाजवी आहे. मुलीचा फोटो, मुलीचा आवाज तिच्या नकळत कुठून कुठं पसरतो आणि त्याची शिक्षा तिलाच कशी भोगावी लागते, शाळाच कशी बंद होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून आमचे नियम कडक आहेत. रेकॉर्डिंग शाळेच्या रेकॉर्डरवरच, कुणाच्याही फोनवर नाही, शिक्षकांच्याही नाही. फोटो-व्हिडिओ नाही. आणि जिचा आवाज तिलाच तो पुसायचा अधिकार, कारण न विचारता.

आठवीतल्या एका मुलीनं लागोपाठ तीन आठवडे आपला आवाज रेकॉर्ड केला, ऐकला आणि पुसला. चौथ्या आठवड्यात तिनं तो ठेवला. काय होतं त्यात? ती आपलं पूर्ण नाव सांगत होती, मोठ्यानं. तिला बोलतं करण्याचं श्रेय मी रेकॉर्ड करण्याच्या बटणाला देत नाही, पुसण्याच्या बटणाला देते. नको म्हणता येतं याची खात्री पटली की मगच 'हो'ला अर्थ येतो. हे आपण मुलींना एरवी कुठल्या तासाला शिकवतो?

बायकांचा आवाज जपण्याची आपल्याकडची एक मोठी गोष्टही मी मुलींना सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखांहून जास्त. त्यांतल्या हजारो ओव्यांचं बायकांच्या आवाजात रेकॉर्डिंगही झालं. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली. बाईनं पहाटे दळताना मन मोकळं केलं, ते टिकलं कारण कुणीतरी वेळेवर यंत्र समोर ठेवलं. पुढच्या वेळी ते यंत्र आजीसमोर तिच्या नातीनंच धरावं, एवढीच माझी इच्छा.

काही आक्षेप

पहिला आक्षेप संगीताच्या शिक्षकांचा: हे आपलं संगीत नव्हे. त्यांना मी पेटीची आठवण देते. परदेशातून आलेली, मींड न निघणारी म्हणून आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. आज शाळेची प्रार्थना पेटीशिवाय होत नाही. आणि क्लासमध्ये जो तानपुरा सुरू असतो तोही आता बहुधा डबीतलाच असतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. डबी आणि चकती यांचा खर्च शाळेच्या एका सहलीच्या बसभाड्याइतकाही नाही. शिवाय २०१६ पासून केंद्र सरकारच्या 'अटल टिंकरिंग लॅब' योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. ज्या शाळांत अशी प्रयोगशाळा आहे, तिथल्या बायांनी उद्या जाऊन एवढंच पाहावं: किल्ली कुणाकडे असते आणि टेबलाभोवती पहिल्या रांगेत कोण असतं?

तिसरा आक्षेप पालकांचा, तोही मुलींच्या पालकांचा. "पोरगी काय ऑर्केस्ट्रात जाणार का?" या प्रश्नामागे भीती आहे, आणि वाजवणाऱ्या-गाणाऱ्या बाईकडे समाज कसा पाहतो याचं नेमकं ज्ञानही आहे. तिला हसू नये. आम्ही सांगतो की ती तारा जोडायला शिकते आहे, उद्या घरातला स्पीकर बिघडला तर उघडून बघेल. ते पटतं. पण त्याचबरोबर हेही सांगतो की तिला वाजवावंसं वाटलं तर त्यातही काही वावगं नाही. ते लगेच पटत नाही. सांगत राहायचं.

काय करता येईल?

शेवटी चार गोष्टी ठेवते, आपापल्या शाळेत करून पाहण्यासारख्या.

एक, नवं साधन वर्गात आलं की पहिली पाळी मुलींची, तीही नाव घेऊन. 'ज्याला हवं त्यानं पुढे या' म्हणू नका. कोण पुढे येणार ते आधीच ठरलेलं असतं.

दोन, कामं फिरती ठेवा. आज बटण फिरवलं त्यानं उद्या तार धरायची, परवा वही लिहायची. मुलग्यांचं अक्षर सुधारेल.

तीन, बिघडलं की दुरुस्तीला 'सर' शोधू नका. मुलींसमोर बाईंनी स्वतः डबी उघडावी. बॅटरी उलटी लागली आहे की तार सुटली आहे, एवढं तरी बघावं. मुली ऐकून शिकत नाहीत तितकं बाईंचे हात पाहून शिकतात.

चार, आवाज आणि त्याचं पुसणं हा ज्याचा त्याचा, जिचा तिचा हक्क. हा नियम फळ्यावर लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांनाही तो लागू करा.

आमच्या दोन शाळांतून आठवीनंतर काही मुलींची शाळा सुटते. कुणाचं लग्न ठरतं, कुणी धुणंभांडी करायला जाते. एक डबी हे थांबवू शकत नाही, त्यासाठी वस्तीत, पंचायतीत, कोर्टात लढावंच लागतं. पण त्या लढाईत उतरणाऱ्या मुलीला 'हे मला कळतं, मी उघडून बघेन' असं एकदा तरी वाटलेलं असलं पाहिजे. सावित्रीबाईंनी मुलींच्या हातात पाटी-पेन्सिल दिली तेव्हाही लोकांनी विचारलं होतं, हे कशाला? आज आपण तार देऊ या.

एवढं बोलून थांबते. टेबलावर दोन डब्या ठेवल्या आहेत. मधल्या सुट्टीत सगळ्यांनी हात लावून बघा. बायांनी आधी.